झाडं मोजण्याचा दिवस

शनिवारी दुपारी अंगणातला बर्फ बाजूला सारून शुंपेइनं मुलांना ओळीत उभं केलं आणि उद्याची शिकार समजावून सांगितली. बंदूक नाही, सापळा नाही. भाताच्या पेंढ्याची चकती सशाच्या डोक्यावरून भिरकवायची. तिची घरघर ऐकून सशाला वाटतं ससाणा आला, आणि तो बर्फात तोंड खुपसून बसतो. मग त्याला नुसत्या हातांनी उचलायचं. पूर्वी गावातली पोरंटोरं अशीच ससे आणायची. आता कोणी आणत नव्हतं.

शुंपेइ शहरात जंगलांचा अभ्यास करून मुद्दाम या डोंगराच्या पायथ्याशी परतला होता. इथली मुलं खिडकीतून डोंगर बघत मोठी होतात आणि पहिल्या गाडीनं निघून जातात, हे त्याला बघवत नव्हतं. एकदा सशाची धडधड तळहाताला कळू दे, तो म्हणायचा, मग डोंगर त्यांना सोडणार नाही.

मुलं चार होती. त्याच्या बहिणीचा गाकु, गाकुच्या जुळ्या बहिणी आणि शुंपेइची पाच वर्षांची कोझुए. धुकं उतरलं तर कोणी चुकू नये म्हणून त्यानं प्रत्येकाला आकडा दिला होता. शिट्टी वाजली की ओळीनं आपापला आकडा ओरडायचा. तालीम झाली. गाकु एक, जुळ्या दोन आणि तीन. कोझुएनं बेंबीच्या देठापासून "चार" म्हटलं.

"मामा, हिला घरीच ठेव," गाकु म्हणाला. "सगळे ससे आजच गाव सोडतील."

ओसरीवर चकती विणणाऱ्या आजोबांचे हात थांबले. इजुरो, शुंपेइचे वडील, जन्मभर डोंगरात अस्वलांमागे हिंडलेले. मुलं आत पळाल्यावर त्यांनी उद्याची तारीख विचारली. बाराव्या महिन्यातली बारावी. शुंपेइला ते ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी डोंगराची देवी आपली झाडं मोजते, रानात सापडलेलं माणूसही झाडांतच मोजून ठेवून घेते, म्हणून कोणी शिकारी वर पाऊल ठेवत नाही. पण पुढच्या आठवड्यात बहीण मुलांना घेऊन कायमची शहरात चालली होती. उरला होता तो हा एकच रविवार. त्यानं वडिलांना हळुवारपणे समजावलं, खालच्या बीच झाडांच्या रानापलीकडे जाणार नाही, जेवायला घरी येऊ.

"जा," म्हातारे म्हणाले. "पण तिच्या मोजणीच्या दिवशी तू आपली पोरं मोजून दाखवणार..."

"न मोजता नेली तर हरवतील, बाबा."

म्हाताऱ्यांनी चकती पुन्हा विणायला घेतली. संध्याकाळी कोझुए नेहमीसारखी आजोबांच्या मांडीवर, चुलाण्याला इतकी खेटून बसली की तिची बाही जराशी करपली. भाताचा गोळा काडीला लावून भाजताना ती पुटपुटत होती. चार, चार, चार.

सकाळ निरभ्र होती. रानात बर्फ गुडघ्याएवढा. बीचची पांढुरकी खोडं एकमेकांपासून सारखं अंतर राखून उभी होती, कोणी रांगेत उभी करावीत तशी. गाकुची चकती घरघरत गेली, आणि खरोखरच एक ससा बर्फात घुसला. शुंपेइनं तो उचलून मुलांच्या हाती दिला. धडधड प्रत्येकानं पाहिली. कोझुएनं त्याला गालाशी धरलं. त्या घटकेला शुंपेइला वाटलं, आपण परत आलो ते सार्थकी लागलं.

तेवढ्यात वरून धुकं उतरलं. वारा नव्हता, तरी ते घाईनं आलं. ओल्या सालीचा वास आला आणि पाच पावलांवरचं दिसेनासं झालं. शुंपेइनं शिट्टी वाजवली.

एक. दोन. तीन. चार.

त्यानं श्वास सोडला. आणि वरच्या अंगाला, अगदी सावकाश, कोणीतरी म्हणालं, "पाच..."

तो आवाज मुलाचा नव्हता, मोठ्या माणसाचाही नव्हता. प्रतिध्वनी असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. पण प्रतिध्वनी चारच म्हणाला असता. त्यानं पुन्हा शिट्टी वाजवली. एक. दोन. तीन. मग काहीच नाही. फांदीवरून बर्फ निसटल्याचा आवाज तेवढा आला.

"कोझुए..."

तो धावला, पडला, उठला. कुठलंही खोड हाताला लागलं की आधी तिचा खांदा वाटे. किती वेळ गेला कळलं नाही. मग अगदी जवळून, शांतपणे, "चार" ऐकू आलं, आणि दोन झाडांमधून कोझुए चालत आली. एक हातमोजा नव्हता. ती रडत नव्हती. त्यानं तिला छातीशी घट्ट धरलं. ती त्याच्या मिठीत ताठ उभी राहिली.

घरी आजोबा दारातच होते. त्यांनी कोणाला मोजलं नाही. नुसतं म्हणाले, आत या. जेवणाचं कालवण रटरटत होतं. जुळ्या चुलाण्यापाशी धावल्या. कोझुए मात्र लांब, भिंतीला पाठ लावून बसली. आजोबांनी मांडी थोपटली.

"तिकडे विस्तव आहे," ती म्हणाली.

कालवण तिनं खाल्लं नाही. पाणी मात्र वाडग्यांमागून वाडगे प्यायली. शुंपेइ तिच्या शेजारीच बसून राहिला. दमली असेल, घाबरली असेल, उद्या खेळेल, असं तो सगळ्यांना सांगत होता. आजोबा चुलाण्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. बहीण सामान बांधत होती आणि तिची मुलं अंगणात बर्फाचे गोळे करत होती. शुंपेइ कोझुएचे केस विंचरत होता. केस ओलसर लागत होते. बाहेर गाकुनं गंमत म्हणून शिट्टी घातली.

"एक!"

"दोन."

"तीन."

आणि डोंगरावरून, बीचच्या रानातून, बेंबीच्या देठापासून काढलेला बारीक आवाज आला, "चार!"

शुंपेइच्या हातातली फणी गळून पडली. तो दाराकडे झेपावला. मागून एका थंड, छोट्या हातानं त्याची बाही धरली.

"बाबा," कोझुए अगदी हळू म्हणाली, "तिला ओ देऊ नका..."