दुसरी पिवळी लिंक

हे माझ्यासोबत घडलंय. पटत नसेल तर पान बंद करा, माझं काही अडलेलं नाही.

भर दुपार होती. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशेजारच्या कोंदट खोलीत बसून मी नर्सेसचं वेब अ‍ॅप तपासत होतो. मीच बनवलेलं. डावीकडे मेनू, त्यात खोल्यांच्या लिंक. जी खोली उघडाल, तिची लिंक पिवळी होते. आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून.

बारा नंबरच्या खोलीत माझी आई होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

मी चार नंबर उघडला. चार पिवळा झाला.

आणि... नऊसुद्धा.

अ‍ॅपच्या धंद्यातल्या भागीदाराला फोन केला. तो हसला. म्हणाला, लिंकच्या पत्त्याची नुसती सुरुवात जुळवली असशील, नेहमीचा घोळ. खरंय, तसं केलं की १२ उघडल्यावर १ नंबरही पेटतो, कारण १२ ची सुरुवात १ नंच होते. पण चार आणि नऊचा काय संबंध? त्यावर साहेब फोन ठेवून जेवायला निघून गेले.

बाहेर ट्रॉलीची खडखड थांबली.

नर्सेसचं बोलणं थांबलं.

मग... नऊमधून एका बाईचं रडणं.

नऊची लिंक विझली.

मोठ्या सिस्टर पाणी प्यायला आत आल्या. घडलं ते मी सांगितलं. त्यांचा ग्लास हातातच राहिला.

"म्हणजे ते तू मुद्दाम केलेलं नाहीस? आम्ही तर तसं दिसलं की नातेवाइकांना बोलावून घेतो."

मी स्क्रीनकडे वळलो.

बारा... पिवळा होता.

डोकंच फिरलं. कोडमधली पिवळ्या रंगाची ओळ उडवली. अख्खा मेनू पांढराफटक. आणि धावत सुटलो.

आई उशीला टेकून केस विंचरत होती.

"काय रे, कुत्रं मागे लागल्यासारखा?"

मी पलंगाच्या कडेला बसलो.

तिनं माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं.

"त्यांनाही बसायला सांग ना. मघापासून ताटकळलेत."

दारात... कोणी नव्हतं.

आई आता घरी आहे. ठणठणीत. भागीदार रोज डोकं खातो, रंग परत टाक, नर्सेस बोंब मारतायत. मी टाकत नाही. माझी हिंमत होत नाही.

ते बारामधून दुसऱ्या खोलीत गेलं... की आमच्यासोबत घरी आलं?

हे सांगणारी एकच गोष्ट होती. ती मी माझ्या हातानं पुसली.