गवळदेवच्या वळणावरचा गिअर

गवळदेवच्या वळणाशी गाडी आली, की प्रवासी आपसूक हात जोडत. आणि त्याच क्षणी गाडीही, कोणी न सांगता, एक गिअर खाली उतरे. वास्तविक त्या जागी ना चढ, ना उतार. अवघ्या घाटात सपाट असा तेवढाच काय तो तुकडा. तरीही गेल्या दिवाळीपासून तेथे इंजिनाचा सूर भरून येई, गाडी किंचित अडखळे आणि शेंदूर फासलेल्या पाषाणासमोरून अदबीने पुढे सरके. "गाडीलाही कळतं हो," असे मागच्या सीटवरची एखादी म्हातारी म्हणे, आणि तरुण मंडळी हसत. पुढे हसणेही थांबले. चमत्कार रोज घडू लागला, की त्याचे वेळापत्रक होते.

घाटाच्या पायथ्याशी, तळेवाडीत, गॅरेज चालवणाऱ्या तृप्ती राऊळला मात्र हा चमत्कार मान्य नव्हता. तिच्या लेखी तो गिअर-निवडीचा दोष होता, आणि दोषाला नमस्कार करायचा नसतो, तो काढायचा असतो.

या पिढीतल्या स्वयंचलित गाड्यांना रस्त्याची जाण होती. पूर्वीची गिअरपेटी वेग आणि चालकाच्या पायाचा दाब पाहून गिअर ठरवी. ही नवी पेटी चाकांत बसवलेल्या केसाएवढ्या तंतूंनी रस्त्याचा कल टिपी, जमिनीचा कंप ऐके, आणि ज्या रस्त्याने ती गेली त्याची ओळख आपल्या अभ्यासस्मृतीत जपून ठेवी; मग पुढच्या खेपेला चढ लागण्यापूर्वीच योग्य गिअर तयार असे. बनवणाऱ्यांनी तिला 'भूस्पर्शी' असे भारदस्त नाव दिले होते. घाटातल्या चालकांनी तिला 'कानवाली' म्हणून आपलेसे केले होते.

चुकीचे शिकलेली पेटी चुकीचा गिअर निवडते, हा गॅरेजांतला सर्वमान्य सिद्धान्त. त्यावर तृप्तीने शोधलेला उपायही तितकाच सर्वमान्य झाला होता: आधी स्मृती पुसा, मग दोष शोधा. बहुधा शोधण्याची वेळच येत नसे. पुसलेली गाडी काही दिवस गवळदेवला न अडखळता जाई, आणि चालक समाधानाने शीळ घालीत निघून जाई.

त्या दिवशी सकाळी तृप्तीची मुलगी रेवा आपली प्रवासी व्हॅन घेऊन आली. घाटमाथा ते तळेवाडी अशा तिच्या रोज फेऱ्या असत.

"आई, परत तेच. गवळदेवला गिअर पडला आणि सावंतकाकूंचं डोकं पुढच्या सीटवर. काकू म्हणतात, देवाला मी नमस्कार करीन, पण माझ्या मर्जीनं."

"परवा तर पुसली होती गं."

"मग आता फिनेल घालून पूस."

तृप्तीने हसत स्कॅनर जोडला. क्षणात व्हॅनची स्मृती कोरी झाली. रेवा हात हलवून घाट चढून गेली. संध्याकाळी खाली उतरणार होती.

ती वळणाआड होते न होते, तोच मोतीराम धुरी यांची राखी गाडी फाटकातून आत आली. उभी हयात घाटात ट्रक हाकून निवृत्त झालेले धुरीकाका वादाला कधी मागे हटत नसत. समोर कोणी नसेल तर रेडिओशी वाद घालीत. तक्रार त्यांची नव्हती. त्यांची मुलगी मुंबईहून आली होती आणि तिने बापाला ढकलून पाठवले होते, कारण त्यांची गाडी गवळदेवला एक नव्हे, दोन गिअर उतरू लागली होती, आणि तेही वळणाच्या बरेच अलीकडे.

तृप्तीने नेहमीच्या शिस्तीने सुरुवात केली. पेटीतले ऑइल पाहिले: रंग स्वच्छ, जळका वास नाही. गिअरचा दांडा प्रत्येक खाचेत नेमका बसत होता. गिअर बदलणाऱ्या झडपा एकेक करून चालवल्या, तर प्रत्येकीने आपापली टकटक चोख दिली. ऑइलचा दाब स्थिर होता.

"पेटीत काही नाही. स्मृतीच बिघडलीय," ती म्हणाली. "किती दिवसांत पुसली नाही ही?"

"पुसूक ती काय पाटी आसा? घेतल्यापासून एकदाय पुसूक नाय."

तृप्तीने स्कॅनरकडे हात नेला, तसा धुरींनी तिचे मनगट धरले.

"पुसू नको गो बाय. ती देवाक मान देता."

"काका, लोखंडाला देव कळत नाही."

"मगे लोखंडाक काय कळता, ता तरी बघ! पेशंटाक काय होता ता न विचारता त्याचा तोंड बंद करणारो डॉक्टर मी खंय बघूक नाय."

हा टोला वर्मी बसला. तिने आजवर शेकडो स्मृती पुसल्या होत्या; एकही उघडून वाचली नव्हती. देव नाही हे म्हाताऱ्याला सप्रमाण दाखवावे, एवढ्याच ईर्ष्येने तिने स्कॅनर गाडीतच ठेवला आणि ती धुरींच्या शेजारी जाऊन बसली.

गाडी घाट चढू लागली. स्कॅनरच्या पडद्यावर विसंगतीचा काटा होता: स्मृतीतला रस्ता आणि चाकाखालचा रस्ता यांत जेवढे अंतर, तेवढा तो वर चढे, आणि तो चढला की पेटी सावध होऊन गिअर उतरवी. खालच्या सगळ्या वळणांवर काटा शून्यापाशी निजून होता. आंब्याचे झाड गेले, पाण्याची टाकी गेली. गवळदेव अजून दिसतही नव्हता, तोच काटा उठला. गाडीने एक गिअर सोडला, मग दुसरा. तृप्तीने पडद्यावर स्मृतीतला कल आणि आताचा कल एकावर एक ठेवून पाहिले.

गाडीच्या आठवणीत हे वळण डोंगराच्या कुशीकडे कललेले होते. चाकाखालचे वळण दरीकडे कलले होते.

"थांबा, काका."

गवळदेवाच्या देवळीपाशी गाडी उभी राहिली. तृप्तीने दांडा पार्किंगच्या खाचेत टाकला, चाके जखडणारी खुंटी लावली. आता काटा स्थिर राहायला हवा होता; उभ्या गाडीला कसला रस्ता आणि कसला बदल? दोघे काट्याकडे पाहत राहिले. करवंदीच्या जाळीत एक बुलबुल बोलत होता. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो काटा, तासकाट्याच्या संथ निश्चयाने, केसभर वर सरकला.

गाडी उभी होती. चालत होता तो डोंगर.

तृप्तीने नकळत दांड्यावर तळहात ठेवला. कितीतरी दिवसांपासून हा अजस्र कातळ, त्यावरचा रस्ता, देवळी आणि काजूची झाडे घेऊन, कोणालाही न सांगता दरीकडे निघाला होता. ज्यांना ते जाणवले त्यांना बोलता येत नव्हते. गिअर उतरवणे एवढी एकच भाषा त्यांना अवगत होती. आणि ती भाषा उमटली रे उमटली, की तिने ती पुसली होती. पुसलेली पेटी कललेल्या रस्त्यालाच सरळ मानून नव्याने शिके आणि काही दिवस गप्प राही. त्यालाच ती दुरुस्ती म्हणत आली होती. दुरुस्ती! डोंगराच्या साक्षीदारांना तिने एकेक करून मुके केले होते. आणि त्यांतला शेवटचा, आज सकाळी.

"काका, रेवाची व्हॅन! तिला काही कळणार नाही. ती वेगानं येईल."

घाटात फोनला रेंज नव्हती, आणि वळण मोकळे सोडून वर जाण्याची जोखीम नको होती. धुरींनी गाडी वळणाच्या वरच्या अंगाला, पक्क्या कातळावर नेली आणि रस्त्यात आडवी घातली. ऊन कलले. शेवटी वरून इंजिनाचा आवाज आला. निश्चिंत, भरधाव, एकही गिअर न सोडणारा. तृप्ती दोन्ही हात उंचावून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. व्हॅन करकचून थांबली.

"आई! वेड लागलंय का तुला? आत्ता चिरडली असतीस!"

"खाली उतर. सगळ्यांना उतरव. वळण सरकतंय."

"सकाळी तूच दोष काढलास ना?"

"दोष नव्हताच तो."

व्हॅनमधली माणसे कुरकुरत उतरली. एकाला तळेवाडीची बस गाठायची होती. सावंतकाकू म्हणाल्या, "गिअरवरून डोंगर ओळखायला निघालीस होय? मग माझ्या गुडघ्यावरून पाऊस ओळख."

तेव्हा धुरी देवळीपुढच्या गवतात अडकलेला कालचा नारळ घेऊन आले. "ह्यो बघा. महिनोगणती सांगतंय, नारळ देवासमोर ऱ्हवना नाय. घरचे म्हणतत, देव कोपलो." त्यांनी तो वळणाच्या सपाट दिसणाऱ्या डांबरावर अलगद ठेवला. नारळ क्षणभर घुटमळला, मग डुलत डुलत निघाला. डोंगराकडे नव्हे, दरीकडे. कठड्याखालून तो नाहीसा झाला, आणि बऱ्याच वेळाने खालून आपटल्याचा आवाज आला.

रेवाने प्रवाशांना व्हॅनमध्ये बसवले. घाटमाथ्यावरची चौकी वरून रस्ता अडवील आणि खालच्या चौकीलाही कळवील, तोवर आपण तिथून हलणार नाही, असे तिने आईला बजावून सांगितले आणि व्हॅन माघारी वळवली.

"गाडी कातळाच्या कडेला लावा काका. आपण पायवाटेनं चालत खाली जाऊ."

"गाडी देवळीकडेच ऱ्हवांदे."

"तिथं?"

"तुका कळाक नको, डोंगर काय करता ता? कान तिका आसत. आमचो राखणदार ती." त्यांनी गाडी देवळीशेजारी नेऊन उभी केली. स्कॅनरच्या बिनतारी यंत्रातून पेटीचा संदेश गॅरेजच्या पडद्यावर उमटत राहील अशी जोडणी तृप्तीने करून दिली, आणि निघण्यापूर्वी सवयीने जखडखुंटी पुन्हा घट्ट लावली.

चौकीवरचा अधिकारी प्रथम हसला. गिअर पडतो म्हणून घाट बंद करायचा, असे त्याच्या उभ्या नोकरीत कोणी सांगितले नव्हते. पण रेवाने त्याला वळणावर नेऊन दुसरा नारळ सोडायला लावला, आणि दोन्ही टोकांना अडसर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तृप्ती आणि धुरीकाका चहाचे कप घेऊन पडद्यासमोर बसले होते. काटा चढतच होता. गिअरच्या चौकटीत तिसरा उमटला. जागच्या जागी जखडलेली गाडी गिअर बदलू शकत नव्हती; पेटी फक्त कोणता गिअर हवा ते मागत होती. मग दुसरा. बराच वेळ दुसरा. मग पहिला. याच्या खाली उतरायला गिअर उरला नव्हता. पेटीने आपल्या भाषेतला शेवटचा शब्द उच्चारला होता, असे तृप्तीला वाटले.

आणि चौकटीतला आकडा विझून तेथे उलट्या गिअरची खूण उमटली.

तृप्तीचा कप तसाच ओठांपाशी राहिला. पुढे जाण्याच्या मार्गावर आपणहून उलटा गिअर मागणारी पेटी कोणी बनवली नव्हती. तशी आज्ञा तिच्या रचनेतच नव्हती. खूण मिटली आणि पुन्हा उमटली. मिटली, पुन्हा उमटली. गाडी मागे, वरच्या पक्क्या कातळाकडे, जायला मागत होती, एकदा, अनेकदा, आणि खुंटी तृप्तीने स्वतःच्या हातांनी लावली होती.

पडदा कोरा झाला. काही क्षण सर्वत्र शांत होते. मग घाटाकडून तो आवाज आला, आधी पावलांखालून आणि नंतर कानांना, आणि खिडक्यांच्या काचा दीर्घकाळ थरथरत राहिल्या.

थोड्या वेळाने घाटमाथ्यावरून रेवाचा फोन आला. "आई, वळण नाही गं. देवळी नाही, काहीच नाही. नुसतं आभाळ दिसतंय तिथं." मग ती लहान मुलीसारखी म्हणाली, "मी वरच आहे. सगळे वरच आहेत."

तृप्तीने फोन ठेवला. व्हॅन, प्रवासी, सावंतकाकू आणि त्यांचे गुडघे सुखरूप होते. पडद्याखाली एक छोटा दिवा लुकलुकत होता: पेटीची सारी अभ्यासस्मृती, अगदी त्या शेवटच्या क्षणापर्यंतची, गॅरेजमध्ये पोहोचली होती. नव्या पेटीत ती भरता आली असती. नियमाप्रमाणे मात्र, नोंद नसलेला गिअर मागणारी स्मृती सदोष, आणि सदोष स्मृती पुसायची.

तिने पुसण्याच्या कळीवरून हात काढून घेतला.

धुरीकाका अजून कोऱ्या पडद्याकडे पाहत होते. वाद घालण्याचा त्यांचा तो सुप्रसिद्ध आवाज आता कुठेच नव्हता.

"बाय," ते हळूच म्हणाले, "गिअरातला सगळा कळता तुका. माका एकच सांग. भियाली आसतली काय गो ती?"