काजळी नसलेला दिवा

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यातली आग विझली, तेव्हा मागच्या खोलीत एक कारागीर बाई बेशुद्ध सापडली. बाकीचे भोंगा ऐकून केव्हाच रस्त्यावर आले होते. तिला ऐकू येत नसे.

तिच्यासाठी त्या खोलीच्या दारावर दिवा बसवलेला होता. भोंगा वाजला की तोही लखलखायचा.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाच्या तपास अधिकारी मॅडमनी बटण दाबलं. डोळे दिपवणारा उजेड खोलीभर पसरला.

"बघा," सुपरवायझर म्हणाला. "दिवा ठणठणीत आहे. तिचंच लक्ष नसणार."

"तिला बोलवायला कोण गेलं?"

"दिवा आहे म्हणून कोणी गेलं नाही."

"आणि तिला बाहेर काढल्यावर इथे कोण आलं?"

"मी एकटाच. तिची पर्स घ्यायला. हॉस्पिटलात नेऊन दिली, माणुसकी म्हणून. बाकी कशाला हात लावला नाही."

मॅडमनी भिंतीवरून बोट फिरवलं. काळंकुट्ट झालं. मग स्टुलावर चढून दुसऱ्या बोटाने दिव्याची काच चाचपली. ते स्वच्छच राहिलं.

संध्याकाळी मॅडम हॉस्पिटलात गेल्या. बाईच्या घशाला सूज होती, पण हात मोकळे होते. ती खुणा करत होती, धाकटी बहीण बोलून दाखवत होती.

"ताई म्हणतेय, दिवा पाठीमागे असला तरी उजेड समोरच्या भिंतीवर पडतो. काल पडलाच नाही. आणि भोंग्याच्या दर चाचणीला सुपरवायझर कुरकुरायचे, याने माझं डोकं उठतं म्हणून."

मॅडमनी सुपरवायझरला तिथेच बोलावून घेतलं.

"खोलीत सगळीकडे काजळी आहे, फक्त दिव्याच्या काचेवर नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे धूर भरला तेव्हा दिवा झाकलेला होता. झाकण नंतर काढलं गेलं. आणि नंतर आत गेलात फक्त तुम्ही. पर्स हे निमित्त होतं. पॉलिशच्या मशीनचं रेक्झिनचं कव्हर आत्ता तुमच्या गाडीच्या डिकीत मिळालं. बाहेरून काळं, आतून कोरं."

तो घाम पुसत खुर्चीतच बहिणीकडे वळला. "काल सकाळी चाचणी होती. तेवढ्यापुरतंच घातलं होतं, काढायचं राहिलं. एका माणसासाठी दर वेळी सगळ्यांनी किती सोसायचं?"

बाईने त्याचे ओठ वाचले होते. तिचे हात संतापाने झरझर फिरले. बहिणीला शब्द जुळवायला क्षणभर लागला.

"ती विचारतेय, भोंग्याने तिला काडीचा उपयोग नाही. म्हणून तिने कधी त्यात बोळा कोंबला का?"

"हिला समजावून सांगा ना," तो बहिणीला म्हणाला, "मुद्दाम नाही केलं मी."

मॅडमनी त्याची खुर्ची धरून पलंगाकडे फिरवली.

"तिच्याशी बोला. तोंड वर करून. तिला तुमचे ओठ दिसले पाहिजेत."

त्याने मान वर केली. ती डोळ्याला डोळा भिडवून बघत होती. त्याने मान पुन्हा खाली घातली.