डाव्या स्पीकरच्या समोर

लोकांच्या घरी जाऊन स्पीकर योग्य जागी ठेवून देणं हा माझा धंदा आहे. ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. दोन खोकी ठेवायला माणूस कशाला बोलवायचा? पण चांगले स्पीकर आणून ते कोपऱ्यात कुंडीमागे कोंबणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि आवाज घुमतो म्हणून दुकानदाराशी भांडणारीही तीच असतात. माझ्या पिशवीत मोजपट्टी, कागदी चिकटपट्टी, एक माइक, त्याचा स्टँड आणि लॅपटॉप एवढंच असतं. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण नीट जमला, भिंतीपासूनचं अंतर साधलं, की गाणारी बाई दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभी राहते. तिथे काहीच नसतं, पण डोळे मिटले तर बोट दाखवता येतं. पंधरा वर्षं झाली या कामाला, तरी मला दर वेळी त्याची गंमत वाटते.

त्या हिवाळ्यात एका दातांच्या डॉक्टरणीचा फोन आला. दोन पेशंटच्या मधल्या वेळात बोलत होती, त्यामुळे घाईत होती.

"बाबांना नवे स्पीकर घेऊन दिलेत. तरी म्हणतात, गाणारी उजवीकडे सरकते. कान तपासून आणले, ठणठणीत आहेत. तुम्ही एकदा बघून या. आणि खरं सांगायचं तर, खोलीत काही दोष नाही एवढं त्यांना पटवून द्या. आई गेल्यापासून एकटे राहतात. माझ्याकडे चला म्हटलं की म्हणतात, आधी आवाज नीट लागू दे."

काका दुसऱ्या मजल्यावर राहत होते. वय एक्याऐंशी, उंच, ताठ, अंगात जाड लोकरीचा स्वेटर. आयुष्यभर त्यांनी जमिनींची मोजणी केली होती. मी पिशवीतून मोजपट्टी काढली तशी त्यांनी भुवई उंचावली.

"मोजा, मोजा. पण मी मोजून ठेवलंय. तीस-पस्तीस वर्षं भावाभावांच्या मध्ये रेघ मारलीय मी. स्वतःच्या खोलीत चुकेन का?"

चुकले नव्हते. खोली लांबट होती. समोरच्या भिंतीशी दोन स्पीकर, मागच्या भिंतीशी दोन माणसांचा, बुटक्या पाठीचा हिरवट सोफा. डाव्या भिंतीत, स्पीकरच्या जवळच, आत जायचं दार. मधली फरशी मोकळी, गालिचासुद्धा नाही. त्रिकोण बोटाच्या पेरापर्यंत बरोबर होता.

काकांनी रेकॉर्ड लावली. एक बाई गात होती, साथीला फक्त पियानो. मी सोफ्याच्या मधोमध बसले. गाणारी खरोखरच उजवीकडे होती, हातभर तरी. मी वायरी उलटसुलट केल्या. ती उजवीकडेच. मग स्पीकर एकमेकांच्या जागी ठेवले, तरी उजवीकडेच. म्हणजे स्पीकर निर्दोष होते. जे काही होतं ते खोलीत होतं, आणि डाव्या बाजूला.

मी सोफ्यावर माइक लावला आणि एकेका स्पीकरमधून मोजणीची शिट्टी सोडली. ती खर्जातून निघून कानाला ऐकू येईल तिथवर चढत जाते, आणि लॅपटॉपवर तिची रेघ उमटते. उजव्या स्पीकरची रेघ सरळ आली. डाव्या स्पीकरच्या रेघेत वरच्या सुरांपाशी खळगा पडला.

तो खळगा माझ्या चांगलाच ओळखीचा आहे. मोजणी चालू असताना घरातलं कोणीतरी हमखास मध्ये येऊन उभं राहतं आणि विचारतं, झालं का? माणसाचं अंग वरचे सूर अडवतं. आवाजाची सावली पडते म्हणा ना.

मी मान वर केली. काका माझ्या मागे खिडकीशी उभे होते. समोर नुसती फरशी.

मग मी माइक डाव्या स्पीकरच्या अगदी जवळ नेला. रेघ सरळ. तिथून सोफ्याच्या दिशेने थोडा थोडा मागे घेत आले. दाराच्या उंबऱ्यापासून साधारण तीन लहान पावलांवर एकदम खळगा आला. पुढे घेतला की सरळ, मागे घेतला की खळगा. मी त्या जागी फरशीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला.

"काय निघालं?" काकांनी विचारलं.

"दाराच्या पोकळीमुळे होतं असं कधीकधी," मी म्हणाले. दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं, काही फरक पडला नाही. समोरच्या भिंतीवर एक जाड रजई टांगली आणि तीन आठवड्यांनी येते म्हणाले. काका चिकटपट्टीच्या तुकड्याकडे पाहत राहिले.

तीन आठवड्यांनी गेले तेव्हा मुलगीही आली होती. मी पुन्हा मोजलं. रजईचा काही उपयोग झाला नव्हता. खळगा होता तसाच होता, पण जागा चुकत होती. चिकटपट्टीवर माइक धरला तर रेघ सरळ. तिथून सोफ्याच्या बाजूला चार बोटं सरकल्यावर खळगा. माझी मोजणी चार बोटांनी चुकत नाही.

"ताई, जरा उजव्या स्पीकरसमोर उभ्या राहता?" मी मुलीला म्हणाले. ती उभी राहिली. तिचा खळगा उमटला. मी दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या. जवळजवळ जुळल्या. डावीकडचा थोडा अरुंद होता, जरा लहान चणीच्या माणसाचा असावा तसा.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"अजून बघतेय," मी म्हणाले. तेवढ्यात तिला दवाखान्यातून फोन आला आणि ती बोलत बोलत जिन्यात गेली.

काकांनी जिन्याकडचं दार लोटलं. कपाटातून एक आलेखाचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. खोलीचा नकाशा होता, टोकदार पेन्सिलीने काढलेला. सोफा, स्पीकर, दार, सगळं प्रमाणात. आणि उंबऱ्यापासून सोफ्याच्या डाव्या जागेकडे ठिपक्यांची एक ओळ निघाली होती. प्रत्येक ठिपक्याशी तारीख. सगळ्या तारखा रविवारच्या.

"हे कसं काढलंत?"

"कानाने. जुन्या स्पीकरवर सुरुवात केली होती. गाणारी किती सरकली त्यावरून अंदाज करायचो. मोजणीच ती, फक्त जमीन मोजायची साखळी नाही."

मी चिकटपट्टीच्या तुकड्याचं दोन्ही भिंतींपासूनचं अंतर मोजून त्या नकाशावर मांडलं. माझ्या पहिल्या भेटीच्या आठवड्यात काकांनी जो ठिपका दिला होता, त्यावरच ते पडलं. आजचं अंतर या आठवड्याच्या ठिपक्यावर पडलं.

काका सोफ्याच्या उजव्या जागेवर बसले. पलीकडची जागा मोकळी सोडून.

"रविवारी चारला आम्ही दोघं ऐकायचो," ते म्हणाले. "शेवटी तिचे गुडघे फार दुखायचे. आतून इथवर यायचं म्हणजे प्रवासच. मी हात धरून आणायचो. त्या दिवशी नाही आणलं. आतून म्हणाली, थांबा, आले. मी म्हटलं, ये सावकाश. आणि सुई ठेवली."

जिन्यात मुलगी कुणाला तरी औषधाची वेळ सांगत होती.

"आवाज मोठा होता. मोठाच ठेवायचो. रेकॉर्डची बाजू संपली तेव्हा मी उठलो. बावीस मिनिटांची बाजू आहे ती. उंबऱ्याशी पडली होती. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेली असेल. पण डॉक्टर काही तिथे नव्हते. मीसुद्धा नव्हतो, तीन-चार मीटरवर असून. मुलीला सांगितलंय, मी हात धरून बसलो होतो म्हणून."

"काका, हे कशानेही होऊ शकतं," मी म्हणाले. "भिंत पोकळ असेल. खालच्या मजल्यावर काही असेल."

"असेल की," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही शोधा. सापडलं तर मला आनंदच होईल. पण हा वेग बघा. अठरा महिन्यांत इतकंच अंतर. अजून इतकं उरलंय. म्हणजे दोन वर्षांच्या वर. मी एक्याऐंशीचा आहे हो."

मुलगी परत आली. मी तिला सांगितलं, खोलीचाच दोष आहे, थोडी मांडामांड करावी लागेल. खोटं नव्हतं ते. पण जिना उतरताना मला तिच्याकडे पाहवेना.

पुढचे काही दिवस मी डोकं खाजवत बसले. ओल, पाण्याचे नळ, शेजारचं यंत्र, एकेक कारण लिहिलं आणि एकेक खोडलं. चार बोटं पुढे सरकणारी ओल मला माहीत नाही. शुक्रवारी काकांचाच फोन आला.

"मी विचार केला," ते म्हणाले. "तिनेच का म्हणून सगळं चालायचं? सोफा पुढे नेता येईल का?"

"खोलीच्या मधोमध येईल तो. स्पीकरच्या फार जवळ. नियमाने ती जागा चूक आहे, काका."

"ते ठाऊक आहे मला. जागा मी दाखवतो. तुम्ही आवाज बसवून द्या. मग मुलीकडे जायला मी मोकळा. तिला रविवारी साडेचारला बोलावलंय, न्यायला."

रविवारी तीनला मी पोचले. दाराशी त्यांची बॅग भरून ठेवलेली होती. सोफ्याच्या पायांखाली आम्ही जुनं ब्लँकेट सारलं आणि दोघांनी मिळून तो ओढला. काका दर दोन वितींवर थांबून नकाशा बघत. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी ओढते. तर म्हणाले, "नाही. हे मलाच करू द्या."

शेवटी त्यांनी सोफा थोडा तिरका केला. डावी जागा बरोबर त्या रविवारसाठी आधीच काढून ठेवलेल्या ठिपक्यावर आली. मग मी स्पीकर सरकवले, आत वळवले, त्रिकोण लहान केला. या सगळ्यात तासभर गेला. चारला काकांनी सुई ठेवली, पण लगेच बसले नाहीत. सोफ्याच्या डाव्या बाजूशी जाऊन त्यांनी कोपरातून हात पुढे केला, आधाराला धरतात तसा, आणि किंचित वाकले. मग आपल्या जागी जाऊन बसले.

गाणारी मध्ये होती.

नुसती मध्ये नव्हती. तिचा श्वास, ओठ विलग होताना येणारा तो बारीकसा आवाज, पियानोच्या पट्ट्यांवरची नखं. इतकं स्वच्छ मी कुठल्याच घरात ऐकलं नव्हतं, आणि त्या जागी तर ते शक्यच नव्हतं. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

काका हळूच म्हणाले, "लागला आवाज." मला नव्हते म्हणत.

बाजू संपली. ते उठले नाहीत. मी विचारलं, "एकदा मोजून घेऊ? माझ्या समाधानासाठी."

"घ्या की."

सोफ्यामागे आता जागा होती. पाठ बुटकी, त्यामुळे बसलेल्या माणसाचं डोकं आणि खांदे वर येत. मी रिकाम्या डाव्या जागेमागे, खांद्याच्या उंचीवर स्टँड लावला. शिट्टी सोडली.

खळगा आला. तोच, अरुंद. येणार हे मला कळलंच होतं. आश्चर्य म्हणजे भीती वाटली नाही.

मग स्टँड उजव्या जागेमागे नेला. इथे काका बसले होते. रुंद खांद्यांचा माणूस, वर जाड स्वेटर. मोजायची गरजच नव्हती. तरी मोजलं.

रेघ सरळ आली.

मी वायर तपासली. माइक परत डाव्या जागेमागे नेला. खळगा.

उजव्या जागेमागे. सरळ. रिकाम्या खोलीत येते तशी.

"जमलं?" काकांनी मान न वळवता विचारलं.

"जमलं," मी म्हणाले.

खाली गाडीचं दार लागलं. जिन्यावर मुलीची पावलं वाजू लागली, दोन दोन पायऱ्या एकदम चढणारी.

मी माइक स्टँडवरून काढला आणि हातात धरून काकांच्या पाठीशी नेला. इतक्या जवळ, की स्वेटरची वीण माझ्या बोटांना लागत होती. लोकर उबदार होती. शिट्टी खालून वर चढत गेली, त्यांच्या छातीसमोरून, पाठीमागे माझ्या हातापर्यंत, वाटेत कुठेही न अडता.