पाचवं फाटक

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात माझ्या पदरचं एक अक्षरही नाही. माझी शेजारीण मॉरीन हिच्यासोबत हे घडलं. गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार, दुपारचे चार. हॅडकोटहून आमच्या लिटल मार्डनला येणारी शेतातली पायवाट.

वाटेत पाच फाटकं. मागून येणाऱ्यानं फाटक लावायचं, नाहीतर मेंढ्या रस्त्यावर. चाळीस वर्षं मॉरीन पुढे आणि तिचा नवरा क्लाइव्ह मागे.

"चल तू पुढे राणीसारखी," तो चिडवायचा. "फाटक लावायला हा बिनपगारी गडी आहेच!"

त्याच वर्षी मार्चमध्ये क्लाइव्ह गेला.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी मॉरीन कायमची मुलीकडे स्कॉटलंडला निघणार होती. म्हणून ही शेवटची फेरी. परतताना सवयीनं ती पहिल्या फाटकातून तशीच पुढे गेली. लावायचं विसरलीच.

आणि मागून...

खट्.

कडी पडली होती. वारा नव्हता. वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

दुसरं फाटक तिनं मुद्दाम उघडं टाकलं. मागे न बघता चालू लागली.

खट्.

तिसरं. चौथं. खट्... खट्.

आता भीती कुठल्या कुठे गेली. ती रडत होती आणि चालत होती.

"घरी चल रे," ती म्हणाली. "एकदाच. चहा टाकते. उद्या मी नसेन."

पाचवं फाटक ओलांडलं. पुढे रस्ता, गावातले दिवे.

ती थांबली...

आवाज आलाच नाही.

वळून पाहिलं. फाटक सताड उघडं. पलीकडे नुसतं धुकं.

तिनं कडीला हात घातला. पण त्याला बाहेर ठेवून फाटक लावायचं तिच्या जिवावर आलं. तसंच टाकून ती घरी आली. दोन कप मांडले. कुणी आलं नाही.

सकाळी मी तिला निरोप द्यायला गेले. टॅक्सी दारात उभी असतानाच मेंढ्यांचा मालक बॅरी टफनेल आला.

"रात्रभर फाटक उघडं! कुणा शहाण्याचं काम हे?"

"माझं. किती गेल्या?"

"एकही नाही गं!" बॅरी गोंधळला होता. "फाटकापासून दोन हातांवर थबकून उभ्या होत्या, जणू कुणी अडवलंय. आणि माझा कुत्रा... त्या रिकाम्या जागेकडे बघून नुसता शेपूट हलवत होता."

मॉरीन पायरीवर बसली.

"थंडी किती होती रे रात्री?"

"टाकीतलं पाणी गोठलं. का?"

मी तिला हात धरून टॅक्सीत बसवलं.

आता दर गुरुवारी तिचा फोन येतो.

"ते पाचवं फाटक लावलंस ना गं? त्याला जरा बसू दे आता."

मी हो म्हणते. खरं सांगू? त्या वाटेला मी अजून फिरकलेले नाही.