मंडळी गावाला गेलीत

"काका, हे यंत्र मनातलं वाचत नाही. एवढं आधी समजून घ्या," निशिगंधा मोहिते म्हणाली. मिरजेच्या प्रयोगशाळेत तिने भास्कर सापळ्यांच्या कपाळावर संवेदनपट्टी बसवली आणि गळ्यात डबीएवढा वाक्पूरक अडकवला. मेंदूतल्या रक्तस्रावाने सापळ्यांचे शब्द गेले होते, बोलायचे तसे लिहायचेही. समजत मात्र सगळं होतं.

"मग ते करतं काय?" शेजारी बसलेल्या हणमंतने विचारलं.

"काका पाटबंधारे खात्यात होते ना? मग सोपं आहे. पट्टीला मेंदूतून फक्त रोख कळतो. कुणाविषयी बोलायचंय आणि काय झालं, इतकंच. तो रोख म्हणजे पाणी. पाट जुनेच. काका आजवर जे शब्द वापरत आले, त्यांतूनच ते वाहणार. म्हणून तर मी तीस वर्षांची ध्वनिमुद्रणं मागितली."

"बैठका, फोन, लग्नांचे व्हिडिओ, होतं नव्हतं ते सगळं दिलंय."

"घरातलं एकही नाही."

हणमंतने खाली पाहिलं. "घरात बोलताना फोन बाहेरच्या खोलीत ठेवायची सवय आम्हाला."

"आणि काकू कुठे असतात? मुद्रणांत काका सारखं म्हणतात, 'मंडळींनी डबा दिलाय', 'मंडळींना वांगं चालत नाही'. कुणी घरी येतो म्हटलं की मंडळी गावाला! इथेही एकदा आल्या नाहीत."

सापळ्यांचे कान तापले. हणमंत मात्र हसला. "बाई, वांगं मलाच चालत नाही."

निशिगंधा हळूच म्हणाली, "सोयीचा शब्द आहे. 'तो' म्हणायला नको, 'ती' म्हणायला नको."

हणमंतने इतक्या सहज सांगून टाकलं, ते सापळ्यांच्या मनाला लागलं. आपणही एकदा, निदान एकदा, चारचौघांत म्हणायचं: हा हणमंत, माझा जोडीदार. त्यांनी डोळे मिटून सगळं बळ लावलं. वाक्पूरक त्यांच्याच खणखणीत आवाजात बोलला, "मंडळी मजेत आहेत."

हणमंतला हसता हसता ठसका लागला. "खरंच आहे रे, मजेतच आहे मी!"

"'हा माझा जोडीदार' असं वाक्य मी यंत्रात भरून ठेवू का?" निशिगंधाने विचारलं.

"नको. त्याचं त्याला म्हणू दे. इतकी वर्षं थांबलोय, आणखी थोडं."

सापळ्यांनीही मान डोलावली.

"मग रोज सराव करा. नवा पाट पडायला महिने लागतील."

रोज जेवण झालं की दोघं टेबलापाशी बसत. अठराव्या दिवशी यंत्र "मंडळी" म्हणता म्हणता अडलं आणि नुसतं "ह" म्हणालं. "आलास रे जवळ," हणमंत म्हणाला आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेला.

तेविसाव्या दिवशी मेथी निवडताना त्याचं हृदय थांबलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी कचेरीतले जुने सोबती भेटायला आले. नाडगौडा सतरंजीवर सापळ्यांच्या जवळ सरकून बसले. "तुमचा भाडेकरू गेला म्हणे. सज्जन माणूस. बरीच वर्षं होता ना तुमच्याकडे?"

सापळ्यांनी जोरजोराने मान हलवली. भाडेकरू नव्हे! सगळे त्यांच्याकडे बघू लागले. हीच ती वेळ होती. माझा होता तो, माझा माणूस गेला. कपाळावरची शीर तटतटली.

यंत्राचं काही चुकलं नाही. रोख त्याने नेमका पकडला: घरातलं माणूस, गेलं. त्या पाण्याला एकच पाट ठाऊक होता, आणि तो सापळ्यांनी स्वतःच तीस वर्षं खणून खोल केला होता. त्यांच्या कचेरीतल्या त्या उमद्या, बेफिकीर आवाजात वाक्पूरक म्हणाला,

"मंडळी गावाला गेलीत. येतील आठवड्याभरात."

"असं होय!" नाडगौडांना हायसं वाटलं. त्यांनी सापळ्यांच्या हातावर थोपटलं. "मग येऊ देत. या खेपेला तरी भेट होईल त्यांची."