खुब्याचं हाड

एकोडीच्या तलावाचा गाळ काढताना जेसीबीच्या दातांत माणसाचं हाड अडकून आलं. साकोली ठाण्याची उपनिरीक्षक दीपमाला पोचली, तोवर मजुरांनी उरलेला सांगाडा काठच्या मातीच्या पाळीवर आणून ठेवला होता. नडगीला बारीक तारेनं एक दगड बांधलेला होता.

"बाहेरचा कोनी असंन," यादोराव म्हणाले. तलावाखालचं धानाचं शेत या म्हाताऱ्याचंच. "आमच्या गावातला कोनी नाही."

"गाव सोडून गेलेला कोणी?"

"तुळसाचा विनोद. पण थो कमवाले गेला. सात-आठ वर्सं झाले. म्या सोता पाह्यलं. पहाटची बस सुटली होती. पोट्टा मांगं धावला, दांडा पकडला अन् चढला."

विनोदच्या आईचं घर शेताला लागूनच होतं.

"विनोदची तब्येत कशी होती, मावशी?"

"पुन्याले कामाले होता, तिथून बिमार होऊन आला. दिवसा घराबाहेरच निंगे नाही. अंधारात परसाकडे जाये, यादोरावच्या बांधाकडं."

"अंधारात का?"

"लंगडत चाले. लोकाईनं पाहू नये म्हणून."

तुळसाबाईनं तपासणीसाठी रक्त दिलं. काय निघेल, ते विचारलं नाही.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात डॉक्टर सरितानं मांडीचं हाड उचललं. "खुब्यातला हा गोळा चेंडूसारखा गुळगुळीत हवा. हा चेपलाय."

"मारहाण?"

"नाही. हाड म्हणजे काठी नव्हे, जिवंत ऊती आहे. रक्त पोचलं तरच जगते. निरोगी तांबड्या पेशी गोल, लवचीक असतात. बारीक वाहिन्यांतूनही वाकून निघतात. आपल्या भागातल्या सिकलसेलच्या आजारात त्या विळ्यासारख्या होतात आणि अडकतात. इथलं रक्त थांबलं, गोळा मेला, अंगाच्या वजनाखाली बसला. वरची गुळगुळीत कूर्चाही मग टिकत नाही." तिनं दुसऱ्या पायाचं हाड शेजारी ठेवलं. "स्नायू ओढतात तिथं हाड जाड होतं. या पायाचं बारीक पडलंय. तो यावर भारच देत नव्हता."

"धावला असेल?"

"शक्यच नाही."

पुढं दाताचा नमुना तुळसाबाईच्या रक्ताशी जुळला. दीपमालानं यादोरावांना ठाण्यात बोलावलं.

"डुकरं धानात येतात का हो, भाऊ?"

"येतच असतात."

"विनोद गेला, त्या साली तुम्ही डुकरांना काय करत होता?"

यादोराव धोतराचा सोगा आवरू लागले.

"मी सांगते," दीपमाला म्हणाली. "विनोदला धावता येत नव्हतं. पुण्याहून आल्यावर त्याला चालताना गावात कोणी पाहिलंच नव्हतं. तुम्हीही नाही. म्हणून तुमच्या गोष्टीत तो धावला. तुम्हाला तो आडवाच सापडला. डुकरांसाठी तुम्ही बांधावर उघड्या तारेत करंट सोडला होता. अंधारात तो तिच्यावर गेला. त्याच तारेनं तुम्ही त्याला दगड बांधला."



"बटन बंद कराले गेलो तं पडून दिसला," यादोराव म्हणाले. "हात लावला. आंग गरम होतं."

"जिवंत होता?"

"पाह्यलं नाही. भेव वाटला."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे दीपमालाला ठाऊक होतं. तसली तार तर गावात घरोघरी होती. जीव होता की गेला होता, हे हाडं सांगणार नव्हती.

तिनं तुळसाबाईला सगळं सांगितलं. गरम अंगाचं तेवढं गाळलं.

"हाडं कवा देता?" तुळसाबाईनं विचारलं.

"केस संपल्यावर."

"कवा संपन?"

दीपमालानं उलट विचारलं, "तो धावला असं ऐकलं, तेव्हा शक नाही आला, मावशी?"

"आला होता. मंग वाटलं, दवाखान्याच्या गोळ्याईनं पाय बरा झाला असंन. आयकाले बरं वाटे. मी यादोरावले घडीघडी इचारत होती, कसा धावला सांगा म्हनून. थो सांगे. दर खेपेले माहा पोट्टा आनखी जोरानं धावे."